अप्पा तामलवाडीतून आत येतात

शिवमूर्ती अप्पा कामाला बसण्याआधी चपला काढतात. एवढ्यावर कोणाचे व्यक्तिचित्र होत नाही. पण अप्पा बसतात तामलवाडीत, स्वतःच्या घरात, आणि चपला काढतात त्या तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, धाराशिवला असलेल्या आमच्या कार्यालयातल्या संगणकासाठी. लॅपटॉप उघडतात, कार्यालयातल्या मशीनचा नंबर टाकतात, आणि जोडणी लागायच्या आत टेबलाखाली वाकून, डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलेल्या मऊ चपला काढून भिंतीशी जोडीने लावतात.

माझ्या सुट्टीच्या एका दिवशी मी हे त्यांच्या घरी बसून पाहिले.

"अप्पा, इथं कशाला काढता?"

"मशीनच्या खोलीत चपला घालून जायचं न्हाई. कायदाय."

"खोली धाराशिवला आहे."

"मग मी कुठं चाललोय?" अप्पांनी विचारले, आणि माझ्या बुटांकडे पाहिले. मी बूट काढले.

हा कायदा कसा झाला ते मला ठाऊक आहे. आमच्या दैनिकात पहिले संगणक आले तेव्हा त्यांच्यासाठी काचेची खोली बांधली होती, आत थंड हवेचे यंत्र होते, आणि दारावर पादत्राणे बाहेर काढण्याची सूचना होती. पुढे यंत्र बिघडले, काच फुटली, सूचना पुसली. आम्ही बाकीचे बुटांसकट आत-बाहेर करू लागलो. अप्पा एकटे कायदा पाळत राहिले. त्यांच्या चपला रोज उंबऱ्याबाहेर असत आणि त्यांवरून अप्पा आत आहेत की चहाला गेले आहेत ते जिन्यावरूनच कळत असे.

आमचे दैनिक लहान आहे. मुख्य कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात; धाराशिवला दोन खोल्या. मी बातम्या पाहतो, अप्पा जिल्ह्याचे पान लावतात. सत्कार, भूमिपूजन, शाळेचे स्नेहसंमेलन, बाजार समितीची सभा, आणि डावीकडचे दोन रकाने निधनवार्तांचे. वरच्या सगळ्या मजकुराला अप्पा "शोभेचं सामान" म्हणतात. डावीकडचे दोन रकाने म्हणजे पेपर. "लोक हितूनच उघडतात," ते सांगतात. "कोण गेलं ते बघून मग बाकीच्या जगात काय चाललंय ते बघतात."

निधनवार्तेबाबत अप्पांचे नियम ठाम आहेत. बातमी नातेवाइकाने लेखी दिली पाहिजे. देणाऱ्याचे नाव खाली पाहिजे. आठ दिवसांपेक्षा जुनी बातमी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पान जाण्यापूर्वी प्रत्येक निधनवार्ता दोन माणसांनी तपासायची. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागद हातात धरायचा. वाचून झाले की वाचणारा विचारतो, "चूक?" आणि धरणारा सांगतो, "बरोबर." किंवा मध्येच थांबवतो.

हा शेवटचा नियम एका जिवंत माणसामुळे झाला. बरीच वर्षे झाली त्याला. परंड्याकडच्या एका गावाहून बातमी आली. अमुक वारले, वय चौऱ्याहत्तर, कळविणार त्यांचा मुलगा तमुक. अप्पांनी घाईत मृताच्या जागी कळविणाऱ्याचे नाव बसवले. तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ स्वच्छ धुतलेले धोतर नेसून कार्यालयात हजर झाला. दोन दिवस त्याच्या घरी माणसांची रीघ लागली होती. कुर्डुवाडीहून आलेल्या पाहुण्यांना त्याने स्वतःच चहा दिला, तेव्हा त्यातल्या एका बाईने किंकाळी फोडली. आम्ही सगळे उभे राहिलो. अप्पांनी हात जोडले.

"छापलं ते छापलं," गृहस्थ म्हणाले. "पर माझं वय चौऱ्याहत्तर कशापायी लिवलं? म्या काय एवढा म्हातारा दिसतो व्हय?"

अप्पांनी खुलासा लिहिला: 'ते हयात असून त्यांचे वय एकावन्न आहे.' तो खुलासा त्यांनी त्या गृहस्थालाच मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारले, "चूक?" तेव्हापासून नियम सुरू आहे, आणि कागद धरणारा बहुधा मी असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर तुळजापूरच्या स्थानकावर एसटीच्या पायरीवरून अप्पांचा पाय घसरला. गुडघ्याचे ऑपरेशन झाले. सहा महिने बसचा प्रवास बंद. अप्पा घरात एकटे असतात. त्यांची पत्नी महादेवीबाई त्याआधीच्या वर्षी गेल्या. मुलगी सोलापूरला दिली आहे. मुलीचे म्हणणे, आता पुरे, माझ्याकडे या. मुख्य कार्यालयाचे म्हणणे, पान इकडे लावून घेऊ, अप्पांनी विश्रांती घ्यावी.

मुख्य कार्यालयाने दोन दिवस पान तिकडे लावून पाहिले. पहिल्या दिवशी येरमाळ्याच्या यात्रेची बैठक येडशीला भरवली. दुसऱ्या दिवशी एका मयत सरपंचाला सत्काराच्या रकान्यात टाकले. अप्पांचा मला सकाळी सातला फोन आला.

"रिपोर्टर, हे कुणी लावलंय?"

"तिकडच्यांनी."

"त्यांला म्हणावं, मेलेल्याच्या गळ्यात हार घालतात हे खरं हाय. पर ते वेगळं."

त्यावर मुख्य कार्यालयाने तोडगा काढला. अप्पांना लॅपटॉप द्यायचा. त्यांनी घरून धाराशिवचे मशीन चालवायचे. पान लावायचे जुने सॉफ्टवेअर आणि जुने फाँट फक्त त्या मशीनवर आहेत, म्हणून ते मशीनच हवे. महिनाभर करून पाहायचे. वेळेत पान आले तर चालू ठेवायचे, नाहीतर पान कायमचे तिकडे. अप्पांनी "महिनाभर" हा शब्द दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला आणि म्हणाले, "म्हंजे माझी परीक्षा लावली."

जोडणी करून द्यायला मुख्य कार्यालयातल्या तांत्रिक विभागाच्या गायत्री मॅडम फोनवर होत्या. अप्पा तामलवाडीत, मी धाराशिवला मशीनसमोर. मशीनवर नऊ आकडी नंबर दिसतो आणि खाली एक पासवर्ड, जो दर वेळी बदलतो. मी नंबर सांगायचा, अप्पांनी टाकायचा. तीन मिनिटांचे काम. सव्वा तास लागला.

अप्पांनी नंबर निधनवार्तेसारखा तपासला. मी एक आकडा सांगायचो, अप्पा तो स्वतःशी कानडीत म्हणायचे, मग टाकायचे, मग मला मराठीत परत सांगायचे आणि मी "बरोबर" म्हणेपर्यंत पुढे जायचे नाहीत. महादेवीबाई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी चालायची, आणि अप्पांची मोजदाद अजून कानडीत चालते.

"सात," मी म्हणालो.

"एळु... सात. व्हय?"

"बरोबर."

"डबल चार," मॅडम घाईने म्हणाल्या.

"थांबा. डबल चार म्हंजे काय? एकदा चार आन परत चार?"

"हो."

"मग तसं म्हणा की बाई. मशीनला डबल कळतं का?"

नंबर लागला आणि कार्यालयातल्या स्क्रीनवर चौकट आली: अमुक आत येऊ इच्छितात, परवानगी द्यायची का? मी 'स्वीकारा' दाबले. बाण आपोआप हलला. मी त्या वेळी चुकून माऊसला हात लावला होता.

"कोण ओढायलंय?" अप्पा फोनवर ओरडले.

"मी, अप्पा. सोडला."

"हात काढ. एका गाडीला दोन गाडीवान न्हाई चालत."

मॅडमनी सांगितले, रोज नंबर सांगायची आणि परवानगी द्यायची कटकट नको असेल तर कायमचा पासवर्ड ठेवता येतो; मग कार्यालयात कोणी नसले तरी अप्पा थेट आत जाऊ शकतील.

"कुणी नसताना?" अप्पांनी विचारले.

"हो. कधीही."

"कुणी नसताना आत शिरायला मी कोण हाय? दारातून इचारून येणार. कुणीतरी या म्हणंल, मग येणार."

मॅडम म्हणाल्या, जशी तुमची इच्छा. म्हणून रोज सकाळी साडेदहाला अप्पांचा फोन येऊ लागला. आधी ते "येऊ का?" विचारतात. मी नंबर सांगतो; माझी सुट्टी असली तर दुसरे कोणी सांगते. मग ते कार्यालयाची चौकशी करतात: लाईट आहे का, पंखा आवाज करतो का, त्यांच्या टेबलावर कोणी चहाचा कप ठेवला आहे का. लॅपटॉपमधून टेबल दिसत नाही. पण कप असतो, आणि मी तो उचलतो.

पहिला आठवडा अवघड गेला. तामलवाडीत लाईट गेली की अप्पा बाहेर पडायचे, म्हणजे मशीनमधून. पुन्हा नंबर, पुन्हा कानडी. एकदा पावणेपाचला, पान अर्धे असताना इंटरनेट गेले. अप्पा काठी टेकत शेजारच्या गच्चीवर चढले. शेजारीण खालून ओरडत होती, "अहो अप्पा, गुडघा मोडलाय ना तुमचा? उतरा!" आणि अप्पा वरून सांगत होते, "गुडघा हाय. रेंज न्हाई." पान पाच पस्तीसला गेले. मुदत साडेपाचची. मॅडमनी पाच मिनिटांची नोंद केली. अप्पांनी दुसऱ्या दिवशीपासून साडेदहाच्या ऐवजी दहाला फोन करायला सुरुवात केली, आणि त्यानंतर एकही पान उशिरा गेले नाही.

निधनवार्तांचे वाचन फोनवर होऊ लागले. पाच वाजता अप्पा तामलवाडीतून वाचतात, मी इथे कागद धरतो. "चूक?" "बरोबर." कार्यालयात नवे आलेले लोक दचकून बघतात. फोनमधून एक खर्जातला आवाज गावोगावच्या मृतांची नावे, वये, मुले, सुना, जावई एका लयीत सांगतो आहे आणि मी मान डोलावतो आहे, असे ते दृश्य असते.

महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा गायत्री मॅडमचा फोन आला. आवाज कामाचा होता.

"पान साडेपाचला येतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण जोडणी पावणेसातपर्यंत चालू असते. रोज. तो तासभर ते मशीनवर काय करतात?"

"माहीत नाही."

"वरून विचारणा आहे. कार्यालयाचं मशीन खाजगी कामाला वापरत असतील तर जोडणी पुढे चालू ठेवता येणार नाही. तुम्ही समोर बसता ना? बघून सांगा. उद्या दुपारपर्यंत."

मी समोर बसत नव्हतो. परवानगी दिली की मी माझ्या टेबलाकडे जात असे, कारण अप्पांनीच तसे सांगितले होते. काम करताना खांद्यावरून कोणी पाहिलेले त्यांना चालत नाही. जोडणीच्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या की आत आल्यावर कार्यालयातला स्क्रीन काळा ठेवण्याची सोय आहे. अप्पांना ती आवडली. प्रत्यक्षात आमच्या जुन्या मशीनवर ती चालली नाही, आणि हे अप्पांना सांगायचे राहून गेले. अप्पा समजत होते, आपण आत असताना इकडे अंधार असतो.

त्या संध्याकाळी पान गेले. मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसलो. मला पाहायला सांगितले होते, म्हणून मी पाहत होतो.

बाणाने पानाची फाइल बंद केली. निधनवार्तांचा कोरा साचा उघडला. एक रकाना रुंद, नेहमीचा. अक्षरे एकेक करून उमटू लागली.

'तामलवाडी : येथील महादेवी शिवमूर्ती'

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. महादेवीबाई गेल्या तेव्हा अप्पा बाराव्या दिवशी कामावर आले. आम्ही मागचे अंक चाळले होते. त्यांची निधनवार्ता कुठेच नव्हती. मी विचारले तेव्हा अप्पा म्हणाले, "द्यायची कुणी? मीच द्यायची आन मीच घ्यायची? तसं चालत न्हाई." मुलगी दुःखात होती, तिला सुचले नाही. तेवढ्यात आठ दिवस उलटून गेले होते. नियमाप्रमाणे बातमी बाद झाली. हजारो घरांची बातमी लावणाऱ्या माणसाच्या घरची बातमी लागली नाही, आणि त्यावर पुन्हा कोणी बोलले नाही.

स्क्रीनवर मजकूर पुढे गेला. वय अठ्ठावन्न. अल्पशा आजाराने निधन. अंत्यसंस्कार. इथपर्यंत न थांबता. मग साच्यातले नेहमीचे वाक्य येते, स्वभावाबद्दलचे. 'त्या मनमिळाऊ' एवढे उमटले. बाण थांबला. 'मनमिळाऊ' खोडले गेले. 'शांत' आले, ते तर लगेच गेले. 'भांडखोर' आले. तो शब्द बराच वेळ राहिला, आणि अक्षर-अक्षर करून मागे गेला. सव्वासहापर्यंतचा वेळ अप्पांनी या एका वाक्यात घालवला. रोजचा तासही यातच जात असावा.

मग एकदम, घाईने, उमटले:

'त्या रोज संध्याकाळी फाट्यावर घ्यायला येत व तिथून घरापर्यंत भांडत येत. रस्ता कळत नसे.'

ते खोडले गेले नाही. खाली शेवटची ओळ आली: 'त्यांच्या पश्चात पती, एक मुलगी, जावई व दोन नातवंडे असा परिवार आहे.'

माझा फोन वाजला.

"रिपोर्टर, मोकळा हायस का?"

"आहे."

"एक वाचायचीय."

"पान गेलं, अप्पा."

"पानातली न्हाई. छापायची बी न्हाई, ती नियमात बसत न्हाई. तुझ्याकडं कागद न्हाई, मला म्हाइताय. नुसतं ऐक."

अप्पांनी वाचायला सुरुवात केली. आवाज पाच वाजताचाच होता, तीच लय. गाव, नाव, वय. अल्पशा आजाराने निधन. अंत्यसंस्कार. माझ्यासमोर मजकूर होता आणि मी सवयीने शब्दाशब्दाला डोळा लावून होतो. कागदाऐवजी स्क्रीन होता, एवढाच फरक.

'त्या' म्हणून अप्पा थांबले. तामलवाडीतला पंखा मला ऐकू येत होता. रस्त्यावरून एखादे वाहन गेले असावे.

"त्यांच्या पश्चात," अप्पा म्हणाले, "पती, एक मुलगी, जावई व दोन नातवंडे असा परिवार आहे."

मधली दोन वाक्ये त्यांनी वाचली नाहीत. ती स्क्रीनवर होती. इतक्या वर्षांत अप्पांनी कागदावरचा एक शब्द गाळलेला मला आठवत नाही, आणि गाळलेले दिसले की थांबवायचे, हे कागद धरणाऱ्याचे काम त्यांनीच मला शिकवले आहे.

"चूक?" अप्पांनी विचारले.

"बरोबर," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "मग बाहेर पडतो." फाइल बंद झाली. बाण कोपऱ्यात गेला आणि जोडणी सुटली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी गायत्री मॅडमना फोन केला. सांगितले, मी पाहिले. पान गेल्यावर अप्पा निधनवार्ता तपासतात. कामाचाच भाग आहे, जोडणी चालू ठेवावी.

त्या लिहून घेत होत्या. कळफलकाचा आवाज येत होता.

"महिन्यानंतरही चालू ठेवते," त्या म्हणाल्या. "पण तास सव्वा तास? अशा किती तपासतात रोज?"

"एक," मी म्हणालो.